गाडीचं इंजिन ऑईल: कुठलं टाकायचं, कधी बदलायचं? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

हे सगळं रोजच्या वापरातल्या गाडीबद्दल आहे, म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, आय२०, पंच, नेक्सॉन, सिटी अशी गाडी जी आठवडाभर ऑफिसला आणि सुट्टीच्या दिवशी फार फार तर लोणावळ्याला किंवा गावाला जाते. ठाणे आणि नवी मुंबई डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण इथलं ट्रॅफिक, इथली धूळ आणि इथला पाऊस ऑईलचं आयुष्य कमी करतात आणि मॅन्युअलमध्ये हा विषय मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो.

माझ्या गाडीला कुठलं ऑईल लागतं ते कुठे बघू?

ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअल असतं, त्यात बघा. बऱ्याच गाड्यांना बॉनेट उघडल्यावर ऑईल टाकायच्या झाकणावरच ग्रेड छापलेला असतो. दोन गोष्टी लिहून घ्या, एक म्हणजे ग्रेड, म्हणजे ऑईल किती घट्ट-पातळ ते (५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० वगैरे) आणि दुसरी म्हणजे स्टँडर्ड, म्हणजे ऑईलच्या दर्जाचा कोड (एपीआय एसपी, एसीईए सी३ वगैरे; एपीआय अमेरिकन, एसीईए युरोपियन). शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे म्हणून त्याचं ऑईल आपल्याला चालेल असं धरू नका, नाव तेच ठेवून कंपन्या आतलं इंजिन बदलतात, त्यामुळे जुन्या स्विफ्टचा ग्रेड नवीन स्विफ्टला लागू पडेलच असं नाही. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवर पीडीएफ मिळते.

५डब्ल्यू-३० मधले आकडे काय सांगतात?

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, म्हणजे इंजिन गार असताना ऑईल किती सहज वाहतं ते, आणि तो जितका लहान तितकं गार असताना वाहायला सोपं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला, म्हणजे इंजिन चांगलं तापलेलं असताना ऑईल किती घट्ट राहतं ते. डिसेंबरात सकाळी खोबरेल तेल बाटलीतून निघत नाही आणि दुपारी पाण्यासारखं पडतं, तसाच फरक ऑईलमध्ये पण पडतो, फक्त मल्टिग्रेड ऑईलमध्ये तो फरक कमी राहील अशी सोय केलेली असते.

ठाण्यात कुठे बर्फ पडतो? मग ०डब्ल्यू कशाला?

खूप लोक विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. पण ०डब्ल्यू ऑईल उकाड्यात पातळ होतं हा गैरसमज आहे, तापलेल्या इंजिनमध्ये दुसरा आकडा बघायचा. ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३०, दोन्ही गरम झाल्यावर त्याच ग्रेडमध्ये बसतात. आणि आपल्याकडे २५ अंशाला रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतलं ऑईल सुद्धा १०० अंशाच्या मानाने खूप घट्ट असतं, सकाळी सेल मारला की पहिले काही सेकंद ऑईल वरपर्यंत पोचायचं असतं आणि जास्त झीज तेव्हाच होते, त्यामुळे सहज वाहणारं ऑईल इथेही उपयोगी पडतं. मारुतीच्या बऱ्याच नवीन पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं आहे, ते ऐकून पोटात गोळा येतो लोकांच्या, पण ते इंजिन त्याच ऑईलसाठी बनवलेलं आहे.

आमचे काका म्हणतात २०डब्ल्यू-५० टाक, इंजिन मऊ चालेल. टाकू का?

नका टाकू. काकांचा अनुभव खरा आहे पण तो पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळातला, त्या इंजिनांना जाड ऑईलच लागायचं. आताच्या इंजिनमध्ये बेअरिंगमधली फट कमी असते, ऑईलच्या वाटा बारीक असतात आणि व्हॅल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑईलच्या प्रेशरवर चालते. जाड ऑईल टाकलं की सकाळी ते वर उशिरा पोचतं, ॲव्हरेज घसरतं, आणि आवाज थोडा दबला तरी त्याचा अर्थ झीज थांबली असा होत नाही. गाडी जुनी झाली, रनिंग लाखाच्या पुढे गेलं आणि ऑईल खायला लागली तर एक पायरी जाड ग्रेड चालतो का ते मॅन्युअलच्या तक्त्यात बघा, काही कंपन्या दोन-तीन ग्रेड देतात, त्यातलाच निवडा.

एपीआय एसएन, एसपी, एसक्यू हे काय प्रकरण आहे?

पेट्रोल इंजिनच्या ऑईलची ही अमेरिकन स्टँडर्ड आहेत. एस नंतरचं अक्षर जितकं पुढचं तितकं स्टँडर्ड नवीन. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, एसक्यू २०२५ चं. नवीन ऑईल जुन्या पेट्रोल गाडीत चालतं, उलटं करू नका. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनमध्ये कमी आरपीएमला जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटायचा धोका असतो, त्याने पिस्टन फुटू शकतो, आणि एसपीमध्ये त्यासाठी वेगळी टेस्ट आहे. म्हणून टर्बो पेट्रोल असेल तर एसपीच्या खाली जाऊ नका. दुकानदार ब्रँडवर बोलत बसतो, तुम्ही डबा उलटा करून मागचं लेबल वाचा.

मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक?

मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं, सिंथेटिक म्हणजे कारखान्यात खास प्रक्रियेने बनवलेलं, सेमी म्हणजे दोन्हींचं मिश्रण. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू काही लिहिलं असेल तर तो विषयच संपला, ते सिंथेटिकच मिळतं. ५डब्ल्यू-३० मध्ये निवड करता येते आणि इथल्या ट्रॅफिकमध्ये माझं मत सिंथेटिककडे आहे, कारण ते उष्णतेत लवकर बिघडत नाही. पण सिंथेटिक टाकलं म्हणून २०,००० किमी चालवू असा हिशोब करू नका. ऑईल टिकलं तरी त्यात मिसळलेलं पेट्रोल, पाणी आणि काजळी कुठे जाणार?

ऑईल नक्की कधी बदलायचं? १०,००० किमी खरंच चालतं का?

इथे जरा थांबून वाचा, सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं, काही कंपन्या १५,००० देतात. हा आकडा साध्या वापराचा आहे. त्याच मॅन्युअलमध्ये पुढे कुठेतरी सिव्हिअर कंडिशनचा तक्ता असतो आणि त्यात लिहिलेलं असतं की सतत थांबत-चालत ट्रॅफिक, जास्त वेळ आयडलिंग, छोट्या फेऱ्या, धूळ असं काही असेल तर ऑईल लवकर बदला, बऱ्याचदा निम्म्या अंतरावर.

आता घोडबंदर रोड आठवा. कासारवडवलीहून सकाळी साडेआठला निघालेला माणूस माजिवड्याला कधी पोचतो, गायमुखच्या घाटात कंटेनर बंद पडला की काय होतं, कोपरी पुलावर, ऐरोलीच्या टोलनाक्यापाशी, मुंब्रा बायपासला काय असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मीटर किलोमीटर मोजतो, इंजिन किती वेळ फिरलं ते मोजत नाही. गाडीचा सरासरी वेग ताशी १५ किमी असेल तर १०,००० किमी व्हायला इंजिन ६६६ तासांच्या वर चालतं. तेच अंतर ताशी ५० च्या सरासरीने गेलात तर २०० तास. म्हणजे मीटरवर आकडा तोच पण एका गाडीच्या ऑईलने तिपटीहून जास्त वेळ उष्णता सोसली, आणि ती पण पुढून वारा लागत नसताना.

गाडीच्या स्क्रीनवर ॲव्हरेज स्पीड दिसतो, तो ट्रिप बी (दुसऱ्या ट्रिप मीटर) वर शून्यापासून सेट करून महिनाभर ठेवा. २० च्या खाली येत असेल तर मी तरी ५,००० ते ७,५०० किमीच्या मध्ये बदलून घेईन, आणि किती का चाललेली असेना, वर्षाच्या पुढे नेणार नाही. सरासरी ३५-४० च्या वर असेल, म्हणजे रोज पनवेलकडून सायन-पनवेल हायवेने मोकळ्या वेळेत वगैरे जात असाल, तर कंपनीचा आकडा बिनधास्त पाळा. ऑईल-फिल्टरचा खर्च काही हजारात भागतो, इंजिन खोलायची वेळ आली तर लाखाच्या घरात जातो, त्यामुळे इथे कंजूषी करू नका आणि दर ३,००० ला बदलून पैसे पण घालवू नका.

माझी गाडी महिन्याला २००-३०० किमी पण चालत नाही. तरी बदलू?

हो, वर्षातून एकदा नक्की, आणि फक्त छोट्या फेऱ्या असतील तर सहा महिन्यांनी. नवी मुंबईत हे जास्त दिसतं, नेरुळहून सीवूड्सच्या मॉलला, वाशीत मुलांना क्लासला सोडायला, ३-४ किमी गेलं की गाडी बंद. मालकाला वाटतं गाडी आरामात आहे. पण १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन तयार होतं, त्यातलं थोडं पिस्टन रिंगच्या बाजूने खाली ऑईलमध्ये उतरतं. इंजिन गार असताना पेट्रोल पण जास्त सोडलं जातं आणि तेही थोडं खाली जातं. ऑईल नीट तापलं तर हे उडून जातं, आणि ऑईल तापायला कूलंटच्या काट्यापेक्षा जास्त वेळ लागतो, काटा मध्यावर आला म्हणजे ऑईल तापलं असं नाही. रोज ४ किमी केलं तर ते कधीच पूर्ण तापत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा, पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. पार्किंगमध्येच उभ्या उभ्या दहा मिनिटं चालू ठेवून काही होत नाही, उलट त्यातच जास्त ओल साचते.

ऑईल काळं झालंय, म्हणजे खराब झालं ना?

तेवढ्यावरून नाही ठरत. ऑईलमधलं डिटर्जंट काजळी आणि मळ धरून ठेवतं म्हणून ते काळं होतं, म्हणजे ते आपलं काम करतंय. डिझेलमध्ये तर नवीन ऑईल काही दिवसांतच काळं होतं. घाबरायचं ते दुधाळ, कॉफीसारख्या रंगाला, कारण त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलेलं असू शकतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात थोडा पिवळट फेस दिसला तर आधी लांब चालवून बघा, डिपस्टिकवर पण तसंच दिसलं तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

डिपस्टिक बघायची बरोबर पद्धत?

गाडी सपाट जागी पाहिजे. पार्किंगचा रॅम्प किंवा पोडियमचा उतार नको. चालवून आला असाल तर इंजिन बंद करून ५-१० मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑईल खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या टाकीत) उतरेल. पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, परत पूर्ण आत ढकला आणि मग काढून बघा, पहिल्यांदा काढलेलं रीडिंग धरायचं नाही. दोन खुणा असतात, ऑईल त्यांच्या मध्ये आणि शक्यतो वरच्या खुणेच्या जवळ पाहिजे. पट्टी उभी धरली तर ऑईल ओघळतं आणि रीडिंग चुकतं, आडवी धरा आणि दोन्ही बाजू बघा, ज्या बाजूला कमी दिसतं ती धरा. मग बोटाला थोडं लावून वास घ्या, पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर छोट्या फेऱ्या जास्त झाल्यात. महिन्यातून एकदा बास, गावाला जायच्या आधी मात्र न चुकता.

बिलात ऑईल किती लिटर लावतात ते कसं तपासू?

मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट किती लिटर लागतं ते लिहिलेलं असतं, छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३ ते ४ लिटरच्या मध्ये. माझ्या ओळखीतल्या एकाच्या बिलावर ४ लिटर होतं आणि मॅन्युअलमध्ये ३.१, नाव नाही घेत पण विचारल्यावर बिल लगेच दुरुस्त झालं. बॅरलमधून मशीनने टाकत असतील तर मशीनवरचा आकडा बघायला उभे राहा, कोणी अडवत नाही. आणि डबा ३.५ लिटरचा आहे म्हणून सगळा ओतायला देऊ नका, जास्त ऑईलमध्ये क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आपटतो, फेस होतो, सील गळायला लागतात. उरलेलं ऑईल आपलं आहे, बूटमध्ये ठेवा, टॉप-अपला होईल.

ऑईल बदलताना फिल्टर पण बदलायचाच का?

प्रत्येक वेळी. जुन्या फिल्टरमध्ये जुनं ऑईल आणि मळ दोन्ही राहतात. ड्रेन बोल्टचं वायसर पण नवीन टाकायला सांगा, अगदी किरकोळ किंमतीचं असतं. ते बदललं नाही की बोल्टखाली थेंब दिसायला लागतात आणि मग मेकॅनिक बोल्ट जोर लावून आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

इंजिन फ्लश, ऑईल ॲडिटिव्ह, डीकार्बन, हे करू का?

वेळेवर ऑईल बदलणाऱ्या गाडीला यातलं काही लागत नाही. सर्विस ॲडव्हायझर सकाळी आठला फोनवर पटापट तीन-चार नावं घेतो आणि आपण ऑफिसच्या घाईत हो म्हणतो, तेव्हा जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या की विचारल्याशिवाय काही जास्तीचं करायचं नाही. चांगल्या ऑईलमध्ये लागणारी ॲडिटिव्ह कंपनीने मोजून टाकलेली असतात, वरून बाटली ओतली की ते गणित बिघडू शकतं.

सीएनजीवर ऑईल स्वच्छ राहतं, मग जास्त चालवू?

स्वच्छ दिसतं हे खरं, काजळी कमी आणि पेट्रोल ऑईलमध्ये फारसं उतरत नाही. पण उष्णतेने ऑईल आतून जुनं होतंच, ते रंगावरून दिसत नाही. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर मॅन्युअलमधलाच ग्रेड आणि तेवढंच अंतर. सीएनजीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून एसीत बसण्याचा वेळ पण धरा.

बीएस६ डिझेल आहे, ऑईलची लेव्हल वाढलेली दिसते. असं कसं?

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ असतो, तो काजळी अडवतो आणि ठराविक वेळाने ती जाळून टाकतो. जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि तुम्ही कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी बंद केली, प्रक्रिया अर्धवट राहिली, असं वारंवार झालं की ते डिझेल ऑईलमध्ये उतरतं. लेव्हल वाढते आणि ऑईल पातळ होतं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर वाट बघू नका, बदला. आठवड्यातून एकदा नाशिक हायवेला किंवा कळंबोलीच्या पुढे १५-२० मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा. आणि डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचंच ऑईल टाका, एसीईए सी२, सी३ असं मॅन्युअलमध्ये असेल ते, जुनं ट्रकचं ऑईल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये बसते आणि ती जळत नाही.

दोन ब्रँडचं ऑईल मिक्स झालं तर?

अडचणीत टॉप-अप करायला चालतं, ग्रेड आणि स्टँडर्ड तेच ठेवा.

बाईकसाठी आणलेलं ऑईल गाडीत किंवा उलट?

उलट तर अजिबात नको. बहुतेक गिअरच्या बाईकचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडलेला असतो, कारच्या ऑईलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी तो घसरू शकतो, म्हणून बाईकला जेएएसओ एमए (बाईकच्या ऑईलचं जपानी स्टँडर्ड) लिहिलेलं ऑईल लागतं. कारला कारचं, बाईकला बाईकचं.

डुप्लिकेट ऑईल कसं ओळखायचं?

पेट्रोल पंप, कंपनीचा डीलर किंवा ओळखीचं जुनं दुकान, बिलासकट. झाकणाची सील, बॅच नंबर, तारीख, क्यूआर कोड बघा. मोठी सूट देणाऱ्या अनोळखी ऑनलाईन विक्रेत्याकडून घेऊ नका. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेत असाल, आणि तिथे हाताने चांगलं काम करणारे खूप मेस्त्री आहेत, तर ऑईल स्वतः घेऊन जा, सील समोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा भोक पाडून मगच भंगारात द्या, कारण तेच डबे परत भरले जातात.

पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी गेली. ऑईल बदलू?

टायरच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं आणि गाडी बंद न पडता बाहेर आली तर घरी येऊन डिपस्टिक बघा, रंग बदललेला नसेल तर ठीक. पण वंदना टॉकीजपाशी किंवा एखाद्या सबवेत पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल मारायचा नाही, कितीही लोक मागून हॉर्न देऊ देत. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाजूला घ्या, बॅटरीची वायर काढा, टो करून न्या, आणि चेंबरमधलं ऑईल काढून बघितल्याशिवाय कोणाला स्टार्ट करू देऊ नका. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन कव्हर जूनच्या आधी तपासा, पाण्यात सेल मारल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही.

लाल ऑईलचा दिवा लागला, घर दोन किमीवर आहे. जाऊ?

नाही. तो दिवा ऑईलचं प्रेशर गेल्याचा आहे. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. दोन किमीत बेअरिंग जाऊ शकतं. लेव्हल कमी असेल तर टॉप-अप करून दिवा विझतो का बघा, नाही विझला तर टो.

वॉरंटीत बाहेर ऑईल बदललं तर?

वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सर्विस सेंटरलाच करा आणि वेळेत करा, पुढे इंजिनचा क्लेम आला तर नोंदी मागतात. मधल्या काळात ५,००० ला एक जास्तीचं ऑईल चेंज हवं असेल तर तेही तिथेच पैसे देऊन होतं.

घरीच बदललं तर जुनं ऑईल कुठे टाकू?

गटारात तर कधीच नाही. आपल्याकडची गटारं आणि नाले शेवटी ठाणे खाडीत जातात. या खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून तिला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि ऑईलचा तवंग खारफुटीच्या मुळांवर बसला की धुवून निघत नाही. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. जुन्या डब्यात भरून, बूच घट्ट लावून अशा गॅरेजला द्या जिथून रिसायकलवाला ऑईल उचलतो, विचारलं की सांगतात. हातमोजे घाला, कातडीला वारंवार लागणं वाईट. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, खाली स्टँड पाहिजेच.

इलेक्ट्रिक घेतली तर हे सगळं सुटलं ना?

इंजिन ऑईल सुटलं. मोटरच्या पुढच्या गिअरबॉक्समध्ये थोडं ऑईल असतं, बॅटरीचं कूलंट आणि ब्रेक ऑईल असतं, त्यांची मुदत मॅन्युअलमध्ये बघा. हायब्रिड असेल तर मात्र इंजिन ऑईल आहेच, आणि ते इंजिन सारखं बंद-चालू होत असल्याने तापायला वेळ घेतं, म्हणून तिथे पण वर्षाची मर्यादा सोडू नका.